नळालाही श्वास लागतो

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ पुष्कळ घरांत एक उभी नळी असते. टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपाला ती जोडलेली असते आणि तिचे वाकवलेले टोक टाकीच्याही वर जाते. तिच्यातून पाणी येत नाही, म्हणून कुणी कुणी तिला सरळ बूच मारतात. मग न्हाणीघरातला नळ खोकू लागतो. नळीचे काम पाणी देण्याचे नाहीच. पाइपात अडकलेली हवा सोडण्याचे आहे. ही युक्ती मराठी मुलखात चारशे वर्षांची जुनी आहे.

मलिक अंबर आपल्याला आठवतो तो गनिमी काव्यासाठी. हबशी मुलूख सोडून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. नगर वसले, पण पाणी? पाणी होते उत्तरेच्या डोंगरात, जमिनीच्या पोटात. ते हर्सूलच्या बाजूने गावात आणणारी नहर त्याने पुढच्या काही वर्षांत बांधली. नहर-ए-अंबरी ती हीच.

भाजलेल्या मातीचे पाइप, सांध्यांना चुना. अशा पाइपात दाब वाढला की सांधे उकलतात. म्हणून वाटेत जागोजाग दगड-विटांचे उंच मनोरे उभारले. पाइपातले पाणी मनोऱ्यात वर चढायचे आणि पलीकडच्या पाइपातून पुन्हा खाली उतरायचे. तेवढ्यात दाब हलका होई, हवा निघून जाई, गाळ तळाशी बसे. विजेची मोटार नाही, पंप नाही. सारा कारभार उताराचा. अठराव्या शतकात अशाच आणलेल्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरले आणि बाबा शाह मुसाफिरांच्या खानकाहीत येणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळले गेले.

पुण्याने वेगळा मार्ग धरला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले. ते बांधीव भुयारातून, माणूस आत उतरू शकेल एवढ्या. भुयाराला वर झरोके ठेवले. त्यांना नाव उच्छ्वास. हे नाव देणारा नक्कीच माझ्या बिरादरीतला, म्हणजे कवी असावा!

बांधणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली. आत उतरून गाळ उपसणारे, फुटके सांधे पुन्हा चुन्याने भरणारे मात्र कुठेच दिसत नाहीत. खरे तर नहर जगते ती त्यांच्यावर. हात थांबला की ओलाव्याच्या शोधात वडा-पिंपळाची मुळे सांध्यांत शिरतात. वर घरे होतात, रस्ते रुंदावतात, मनोरे पडतात. आमच्या शहराला पुढे जायकवाडीचे पाणी आले आणि जुन्या नहरीकडे बघायला कुणाला सवडच राहिली नाही.

जायकवाडीचे हे पाणी कित्येक वर्षे आले ते काही दिवसांआड. असे पाणी थांबून थांबून येते, तेव्हा रिकाम्या पाइपात सांध्यांच्या फटींतून बाहेरची घाण ओढली जाते. म्हणून पहिले गढूळ पाणी टाकीत घेऊ नये, झाडांना घालावे. साठवण आली की गाळही आलाच. मनोऱ्याच्या तळाशी बसायचा तो आता आपल्या टाकीच्या तळाशी बसतो.

तेव्हा मेअखेरीस, पन्हळींतला पाचोळा काढाल त्याच दिवशी, टाकी रिकामी करून घासावी. पन्हळ हा शब्द संस्कृत प्रणालातून आला, हौद अरबी हौजातून, पाइप विलायतेतून. साफ मात्र तिन्ही एकाच खराट्याने होतात. बॉलकॉक नीट बंद होतो का, झाकण घट्ट बसते का, हे तेव्हाच बघावे. फट राहिली की डास आत अंडी घालतात. श्वासनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, बूच नव्हे. पावसाळा सरला की दिवाळीच्या साफसफाईत टाकी पुन्हा एकदा धुवावी, कारण पुराच्या दिवसांतले पाणी सर्वांत जास्त गाळ सोडून जाते.