यशयाचा सेवक आणि मराठी सर्वनाम

मनुष्यावर संकट कोसळलें कीं त्याच्या हातून कोणतें पाप घडलें असेल याचा शोध इतरांनीं सुरू करावा, ही खोड फार जुनी आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत कोयनानगर येथें ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे धरणीकंप झाला. वस्ती कोसळली आणि दीडशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. शास्त्रज्ञांनीं पुढें या धक्क्याचा संबंध जवळच्या शिवसागर जलाशयाशीं जोडला. त्या पाण्याची वीज दूरच्या शहरांना उजेड देत होती; दगडामातीखालीं सांपडले ते मात्र धरणाच्या शेजारचे. हें कोणाच्या पापाचें फळ, असें विचारणारानें अशा वेळीं तरी गप्प राहावें. पण तो सहसा राहत नाहीं.

हिब्रू धर्मग्रंथांत यशया संदेष्ट्याच्या नांवावर जो ग्रंथ आहे, त्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत असा प्रश्न विचारणारे लोक आपला निवाडा स्वतःच मागें घेतात. कोणी एक सेवक आहे. त्याला रूप नाहीं, डौल नाहीं. त्याला पाहून लोक तोंड फिरवितात. देवानेंच याला ताडन केलें असावें, अशी त्यांची खात्री असते. मग त्यांना कळून येतें कीं, घाव त्याच्या अंगावर पडले खरे, पण अपराध आपले होते. कापावयास नेलेल्या कोंकरासारखा तो मुकाट्यानें जातो, दुर्जनांच्या शेजारीं पुरला जातो, आणि अखेरीस परमेश्वर त्यालाच थोर पदास चढवितो. जगाच्या वाङ्मयांत निरपराध्याच्या दुःखाचीं वर्णनें पुष्कळ आहेत. परंतु पाहणारांनीं आपली चूक येथें जशी पदरीं घेतली आहे, तशी फार थोड्या ठिकाणीं आढळेल.

हें काव्य ज्या काळांतलें, तो काळ पराभवाचा होता. ख्रिस्तपूर्व ५८६ मध्यें बाबिलोनच्या सैन्यानें यरुशलेम पाडलें, मंदिर जाळलें आणि ज्यू लोकांतील मुख्य मंडळी पकडून नेली. ख्रिस्तपूर्व ५३९ मध्यें इराणच्या कोरेश राजानें बाबिलोन जिंकलें. यशयाच्या ग्रंथांत या कोरेशाचें नांवच येत असल्यामुळें, चाळीस ते पंचावन्न हे अध्याय मूळ यशयाचे नसून वनवासांतल्या एका अनामिक संदेष्ट्याचे असावेत, असें बहुतेक आधुनिक पंडित मानतात. बर्नहार्ड डूम या जर्मन पंडितानें १८९२ मध्यें या भागांतून चार ‘सेवकगीतें’ वेगळीं काढलीं. त्रेपन्नाव्या अध्यायाचें गीत त्यांतलें शेवटचें. पंडितांना गीतें वेगळीं काढणें सोपें जातें, तीं कोणाविषयीं आहेत तें सांगणें अवघड. एका ठिकाणीं परमेश्वर स्पष्टच म्हणतो कीं इस्राएल हाच माझा सेवक. आणि लगेच पुढें त्या सेवकावर इस्राएलालाच परत आणण्याची कामगिरी सोंपविली जाते. राष्ट्रानें राष्ट्राला कसें परत आणावें?

सेवक या अर्थाचा मूळ हिब्रू शब्द ‘एबेद’ असा आहे. बाजारांत विकला जाणारा गुलाम हाहि एबेद, राजाचा अधिकारीहि एबेद, आणि मोशे हा परमेश्वराचा एबेद. मराठी वाचकाला यांत विसंगति वाटण्याचें कारण नाहीं. कोयनानगराच्याच पाटण तालुक्यांत, चाफळ येथें, राममंदिर उभारणाऱ्या पुरुषानें ‘दास’ हेंच आपलें नांव मिरविलें. युरोपांतल्या भाष्यकारांना जें पानेंच्या पानें खर्चून समजावून द्यावें लागतें, तें सज्जनगडाच्या पायथ्याशीं कोणालाहि आपोआप कळेल. मात्र चाफळचा दास कोणाचा दास, हें ठाऊक आहे. यशयाचा दास कोण, हें ठाऊक नाहीं.

ख्रिस्ती परंपरेनें उत्तर फार लवकर दिलें. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत एक हबशी अधिकारी रथांत बसून हाच अध्याय वाचीत असतो, आणि संदेष्टा हें स्वतःविषयीं बोलतो कीं दुसऱ्या कोणाविषयीं, असें फिलिप्पाला विचारतो. फिलिप्प त्याच वचनापासून आरंभ करून येशूची कथा सांगतो. क्रूसावर मेलेला मनुष्य हा देवाचा अभिषिक्त कसा, हा पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढील सर्वांत कठीण प्रश्न होता, आणि तो सोडविण्याचें बळ तिला या अध्यायानें दिलें. परंतु त्याचा एक उपयोग मनाला खटकल्यावांचून राहत नाहीं. पेत्राच्या पहिल्या पत्रांत घरच्या दासांना, कठोर धन्याचाहि मार निमूटपणें सोसा, असें सांगतांना याच सेवकाचें उदाहरण दिलें आहे. मूळ काव्यांत मुकेपणाची थोरवी सांगतात ते मार खाणारे नव्हेत. ज्यांच्यासाठीं मार खाल्ला गेला ते ती सांगतात. वक्ता बदलला म्हणजे कबुलीचा उपदेश होतो, आणि पुढील शतकांत गुलामांच्या धन्यांना असा उपदेश फार सोयीचा पडला.

ज्यू परंपरेंत एकच उत्तर होतें असें नाहीं. यशयाच्या प्राचीन अरामी भाषांतरांत सेवक हा मशीहच मानला आहे. पण दुःखें त्याच्याकडून काढून इतरांच्या माथीं मारलीं आहेत. दहाव्या शतकांतल्या सादिया गाओनाला हा सेवक म्हणजे यिर्मया वाटला. सेवक म्हणजे सबंध राष्ट्र, हा अर्थहि जुनाच. तिसऱ्या शतकांत ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताला असें सांगणारे ज्यू विद्वान भेटले होते. त्या अर्थाला भाष्याचें भक्कम रूप दिलें तें फ्रान्समध्यें त्र्वा येथें राहणाऱ्या राशीनें. राशी ११०५ मध्यें वारला. त्याच्या हयातींतच, १०९६ मध्यें, पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या जमावांनीं ऱ्हाइन नदीकांठच्या ज्यू वस्त्यांची कत्तल केली. राशीच्या भाष्यांत ‘आम्ही चुकलों’ असें म्हणणारे लोक म्हणजे जगांतलीं इतर राष्ट्रें. त्याच्या पूर्वींच्याच ओळींत राजे तोंडांत मारल्यासारखे स्तब्ध होतात, असें वर्णन असल्यामुळें या अर्थाला ग्रंथाचा आधार आहे. उलट पुढें ‘माझ्या लोकांच्या अपराधास्तव’ असे शब्द येतात, ते राष्ट्रांच्या तोंडीं नीट बसत नाहींत. वाद मिटत नाहीं याचा दोष एका पक्षाच्या हट्टाला देतां येत नाहीं. काव्यच दोन्हीकडे ओढतें.

मराठी मुलखांत हा अध्याय दोन्ही वाटांनीं आला. कोंकणपट्टींतले बेने इस्राएल, शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले, शतकानुशतकें मराठीच बोलत आले. मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ मध्यें बांधलें गेलें. छळाचा इतिहास त्यांच्या वांट्यास या देशांत आलाच नाहीं. म्हणून राशीच्या भाष्यांतली वेदना त्यांना ग्रंथांतून शिकावी लागली, अंगावरून नव्हे. चमत्कार असा कीं, हिब्रू शिकविण्यांत मिशनरीच पुढें होते. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. ज्या अध्यायाच्या जोरावर हे विद्यार्थी ख्रिस्ताकडे वळावेत अशी अपेक्षा, तो त्यांना मुळांतून वाचतां येऊं लागला, आणि धर्मांतर करणारे फार थोडे निघाले. पुढें त्यांच्यांतूनच जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारखे पंडित झाले, ज्यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. यरुशलेमच्या नाशाच्या उपवासानंतर सात शब्बाथ यशयाचे सांत्वनपर उतारे मंदिरांत वाचले जातात. त्यांत बावन्नाव्या अध्यायाचा बारावा श्लोक येतो आणि चौपन्नावा अध्याय येतो, मधलें हें गीत येत नाहीं. तें मुद्दाम वगळलें असा आरोप ख्रिस्ती वादपटु करीत आले. यशयाचे दुसरेहि कितीतरी अध्याय त्या वाचनांत नाहींत, हें ते सांगत नाहींत.

दुसरी वाट फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’पासून केडगांवपर्यंत येते. पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठींत आणलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्यें प्रसिद्ध झाला. या अध्यायापाशीं मराठी भाषांतरकारापुढें जी अडचण येते, ती ग्रीक वा इंग्रजी भाषांतरकाराला कधीं आलीच नाहीं. हिब्रूंत प्रथमपुरुषीं अनेकवचन एकच, मराठींत दोन. ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. उपदेशकाला ‘आपण’ हवें असणार. पण ‘त्यानें आपलीं दुःखें वाहिलीं’ असें लिहून पाहावें: मराठी कान त्याचा अर्थ ‘स्वतःचीं दुःखें’ असाच घेईल, आणि ज्या गैरसमजाची कबुली द्यावयाची तोच गैरसमज पुन्हा वाक्यांत येऊन बसेल. तेव्हां ‘आमचीं’ म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं. रूढ मराठी बायबलांतहि तेंच आहे. त्यामुळें मराठी वाचक हा अध्याय उघडतो तेव्हां दुसऱ्या कोणाची तरी कबुली त्याच्या कानीं पडत असते. बेने इस्राएल वाचकाला हें सोयीचें आहे, कारण त्याच्या मतें बोलणारे परकेच. ख्रिस्ती वाचकाला त्या ‘आम्ही’च्या आंत स्वतः होऊन शिरावें लागतें.

त्या शब्दाचा परीघ किती मोठा असावा याविषयीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें मत त्यांच्या मिशनहून निराळें होतें. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या करजगांवीं जन्मलेले टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या आधारानें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते म्हणत. १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि तेथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि त्यांत सारखी जागा होती. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें. दरबार मात्र फार काळ टिकला नाहीं.