एकच पट्टा

जठराचा लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. १९९३ मध्ये लंडनच्या आयझॅकसन यांच्या गटाने त्याच्या सौम्य प्रकाराच्या सहा रुग्णांना हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवरची प्रतिजैविके दिली. पाच जणांच्या जठरात नंतर कर्करोग सापडला नाही! पण तो खरेच गेला, हे आपण कसे ठरवणार?

प्रत्येक बी-पेशी आपले प्रतिपिंडाचे जनुक वेगळ्या तऱ्हेने जुळवते. पीसीआरने त्याच्या प्रती काढल्या, की साध्या सुजेत बहुधा निरनिराळ्या लांबीचे तुकडे मिळतात. लिम्फोमा ही एकाच पेशीची संतती, म्हणून जेलवर एकच ठळक पट्टा उमटतो.

पुढे आढळले, की सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग दिसेनासा झाल्यावरही काही रुग्णांत हा पट्टा वर्षानुवर्षे टिकतो, आणि तरी रोग बहुधा उलटत नाही. म्हणून केवळ पट्टा पाहून केमोथेरपी देत नाहीत. दुर्बिणीने तपासत राहतात. चाचणी कितीही सूक्ष्म असो, तिचा अर्थ आपल्यालाच लावावा लागतो.