डार्विनच्या पुस्तकातलं सिंधी कुटुंब

शहागंजात घड्याळाच्या टॉवरमागे आम्ही क्रिकेट खेळायचो. त्यात एक मुलगा दर दोन ओव्हरनंतर नळाखाली डोकं धरायचा. तीन-चार टोकदार दात, विरळ केस. आम्ही त्याला ‘बोळक्या’ म्हणायचो. मे महिन्यात तो बाहेरच पडायचा नाही. आम्हाला वाटायचं, नाटकं करतो. त्याला घामच येत नव्हता, हे कुणाला माहीत! मामाही तसाच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आईने ग्रहणात काहीतरी चिरलं असणार.

पुढे हाच मुलगा मला डार्विनच्या पुस्तकात भेटला. १८७५च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत आहे, वेडरबर्न यांनी कळवलेली. चार पिढ्यांत दहा पुरुष: मोजके दात, लवकर टक्कल, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांत पुन्हा तेच. बापाकडून मुलग्याकडे मात्र एकदाही नाही. निरीक्षण किती नेमकं! कारण काही डार्विनला सापडलं नाही. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून आला होता, पण तो वाचतंय कोण?

१९२१ मध्ये थडानी यांनी सिंध हैदराबादच्या अशाच लोकांवर लिहिलं. आईकडून मुलाकडे येणारा हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. (सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होतं, म्हणजे गोष्ट तशी घरचीच.)

आता गर्भात काय होतं ते बघू. त्वचा सुरुवातीला पेशींचा एकच थर असते. त्यावर थर चढवायचं काम पी-६३ या जीनचं. तो काढून टाकलेल्या उंदरांना थरांची त्वचा येतच नाही, हे १९९९ मध्ये दिसलं. मग ठिकठिकाणी पेशी जाड होऊन खाली रुजतात: इथे केस, इथे दात, इथे घामाची ग्रंथी. त्यासाठीचा एक निरोप ईडीए हा जीन पाठवतो. तो १९९६ मध्ये सापडला. आमच्या मित्राची त्वचा तयार झाली होती, निरोप तेवढा पोचला नव्हता. आमच्या भाषेत, सर्व्हर चालू, मेसेज गायब.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी हेच प्रथिन गर्भजलात सोडलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जन्मलेल्या जुळ्या मुलांना नीट घाम येतो.

हे सगळं वाचलं ते मित्राच्या बहिणीमुळे. लग्न ठरल्यावर तिचा फोन आला, “मला मुलगा झाला तर?”

म्हटलं, “ताई, आधी तुझी तपासणी. तुझ्यात तो जीन असेल, तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता.”

“आणि ग्रहण?”

“त्याचा काही संबंध नाही.”

“मग हे आईला येऊन सांग. अठ्ठावीस वर्षं स्वतःलाच बोल लावतेय ती.”

रविवारी गेलो. दार ‘बोळक्या’नेच उघडलं. मी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली.