फळीवरचं जेवण, फळीमागचं राज्य

मुंबईच्या विमानतळावरचा बोर्डिंग पास आणि कोल्हापुरात दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग एकाच कुळातले. मूळपुरुष लाकडाची फळी. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे एवढंच.

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या वाड्यांत जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसे. लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवणं उरकली की फळ्या भिंतीशी. त्यामुळे फळी हेच टेबल झालं आणि टेबलावरचं जेवणही ‘बोर्ड’ झालं. आपल्याकडे ‘पानं मांडा’ म्हटल्यावर कोणी नुसती पानं मांडत नाही, तसंच. हमरस्त्यावरच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’ पाट्या तिथूनच आल्या.

त्याच टेबलाभोवती कारभारी बसू लागले, तेव्हा बैठकीलाही बोर्ड म्हणू लागले. हिंदुस्थानला हा अर्थ चांगलाच महागात पडला: 1784 च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं गेलं आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची दोरी ब्रिटिश सरकारच्या हाती गेली. जहाजाच्या फळ्यांची बाजू हीसुद्धा बोर्डच. उजवी ‘स्टारबोर्ड’, डावी ‘लारबोर्ड’. वादळात ओरडून सांगताना दोन्ही सारखंच ऐकू येई, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश आरमाराने डावीला ‘पोर्ट’ म्हणायचा हुकूम काढला. जहाजावर चढण्याचं बोर्डिंग पुढे विमानाने उचललं.

मराठीने मात्र स्वतःचीच भर घातली. परीक्षा मंडळ ते बोर्ड, हे सरळच. पण त्याच्या गुणवत्ता यादीत झळकणं म्हणजे ‘बोर्डात येणं’, हे खास इथलं. इंग्रजाला ते सांगूनही कळायचं नाही.

तरी या शब्दाचं सर्वांत मोठं काम जेवणाच्या अर्थानेच केलं, आणि तेही कोल्हापुरात. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलापुढे पुस्तकाआधी प्रश्न असे तो दोन वेळच्या जेवणाचा, आणि पंगतीला जात आडवी येई. शाहू महाराजांनी 1896 मध्ये सर्व जातींसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिलं. तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. मग त्यांनी वेगळी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं आज खटकतात, पण त्याशिवाय कित्येक मुलांना शहरात पाय टेकायलाही जागा मिळाली नसती.

पुढची पायरी भाऊराव पाटलांनी गाठली. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीला बसवलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. नाव मोठं, पण कोठीत धान्य कमी. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही.