जहाजावरील उपग्रह-आकाशक
कृत्रिम उपग्रहाशी संदेशवहन करण्यासाठी जहाजावर बसविलेला दिशिक आकाशक म्हणजेच अँटेना. उपग्रह कोणत्याही दिशेस असला, तरी मध्ये डोलकाठी वा धुराडे येऊ नये म्हणून त्यास उंच, मोकळी जागा लागते. पण रडारच्या आकाशकासही तीच जागा हवी असते. परिणामी एकाचे प्रेषण दुसऱ्याच्या ग्राहीत शिरून व्यत्यय येतो. १९७६ मध्ये मॅरिसॅट उपग्रहांची सेवा सुरू झाल्यापासून व्यापारी जहाजांवर हा प्रश्न उद्‌भवला. उपग्रह-आकाशक रडार-शलाकेच्या पातळीच्या वर किंवा खाली बसविल्यास तो बऱ्याच अंशी सुटतो.

युद्धनौकेवर मात्र शत्रूच्या रडारचे संकेत टिपणारे ग्राही अतिसंवेदनक्षम असल्याने एवढ्याने भागत नाही. फॉकलंड युद्धात ४ मे १९८२ रोजी शेफील्ड या ब्रिटिश विनाशिकेवर याचा प्रत्यय आला. तिचे उपग्रहामार्फत प्रेषण चालू असल्याने असा ग्राही निरुपयोगी ठरला. अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानांच्या रडारचे संकेत ग्लासगो या सोबतच्या विनाशिकेने टिपले. शेफील्डला ते उमगले नाहीत. एक्सोसे क्षेपणास्त्र आदळून २० जण मृत्युमुखी पडले व ओढून नेली जात असताना १० मे रोजी ती बुडाली. सारा दोष आकाशकाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. हवाई संरक्षणाचा अधिकारी त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता आणि ग्लासगोच्या इशाऱ्यानंतरही पुरेशी हालचाल झाली नाही, असे नौदलाच्या चौकशीत आढळले.