एक ओळ दे, आता पुढची दे: पीएचपीच्या व्हाइल लूपची गोष्ट

हा भाग लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तरी चालेल, स्क्रीन बघायची गरज नाही. आज फक्त एका लूपचा इतिहास.

मी बॅकएंडचं काम करतो. जुना पीएचपी कोड उघडला की एक गोष्ट हमखास सापडते: व्हाइल लूप, आणि त्यात 'मायएसक्यूएल फेच रो'. म्हणजे डेटाबेसला म्हणायचं, एक ओळ दे, आता पुढची दे. ओळी संपल्या की फंक्शन 'फॉल्स' देतं आणि लूप थांबतो. हे आलं कुठून?

मूळ भानगड पीएचपीच्याही आधीची आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात उत्तर म्हणजे ओळींचा अख्खा संच. पण तेव्हाच्या प्रोग्रॅमिंग भाषांना एका वेळी एकच रेकॉर्ड हाताळायची सवय. मग आयबीएमच्या सॅन होजेमधल्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात 'कर्सर' वापरला गेला. कर्सर म्हणजे उत्तरात आपण कुठपर्यंत पोचलो हे दाखवणारं बोट. 'फेच' हा शब्दही तिथे होताच.

आता वेबवर येऊ. १९९४ मध्ये रासमुस लेरडॉर्फने आपला ऑनलाइन बायोडेटा किती लोक बघतात ते कळावं म्हणून सी भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि जून १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. त्यातून आलेल्या पीएचपी/एफआयमध्ये आधी एकूण ओळी मोजायच्या, मग स्वतः आकडा वाढवत 'या नंबरच्या ओळीतला हा कॉलम दे' असं मागायचं. १९९८ मध्ये अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांच्या नव्या इंजिनासह पीएचपी ३ आलं. त्यात 'फेच रो' वापरलं की मोजणी आपल्या डोक्यावर नाही. लूप दोन ओळींत बसला आणि जगभर पसरला.

पण यात एक गंमत आहे. कोड बघून वाटतं, डेटाबेसकडून ओळी एकेक करून येतायत. तसं नसतं! साधी क्वेरी चालवली की पूर्ण उत्तर आधीच पीएचपीकडे येऊन बसतं. म्हणजे घरात पिंप भरून ठेवलंय आणि आपण तांब्याने पाणी काढतोय. शंभर ओळी असतील तर प्रश्न नाही. पण वीस लाख ओळींचा रिपोर्ट काढायचा असेल, आणि पीएचपीची नेहमीची मेमरी मर्यादा असते १२८ एमबी, तर पिंपच फुटतं.

यावर 'अनबफर्ड' क्वेरी आहे: थेट नळाखाली तांब्या धरायचा. मेमरी वाचते, पण तुमचं आटपेपर्यंत त्या नळावर दुसऱ्याला पाणी नाही. म्हणजे त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. फुकट काहीच मिळत नाही, मंडळी.

मग हे जुनं फंक्शन गेलं का? लूपमुळे नाही. त्या एक्स्टेन्शनमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट नव्हती. लोक फॉर्ममध्ये आलेला मजकूर सरळ क्वेरीला चिकटवायचे, आणि एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं राहायचं. २००४ मध्ये पीएचपी ५ सोबत 'मायएसक्यूएलआय' आलं, २००५ मध्ये ५.१ सोबत 'पीडीओ'. २०१३ मध्ये पीएचपी ५.५ ने जुन्या एक्स्टेन्शनवर 'आता वापरू नका' असा शिक्का मारला. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ ने ते काढूनच टाकलं. ज्यांनी कोड न बदलता सर्व्हर अपग्रेड केला, त्यांच्या साइट 'अनडिफाइन्ड फंक्शन' म्हणत आडव्या झाल्या.

आणि योगायोग बघा, त्याच ५.५ मध्ये जनरेटर आले. 'यील्ड' लिहा, आणि तुमचं स्वतःचं फंक्शनसुद्धा एका वेळी एकच गोष्ट देतं. फंक्शन मेलं, कल्पना मात्र भाषेच्या पोटात शिरली.

म्हणून जुन्या कोडमधला व्हाइल लूप दिसला की लगेच हसू नका. लूप बरोबरच आहे. तपासायचं ते एवढंच: क्वेरीत बाहेरचा मजकूर कसा शिरतोय, आणि तुमचं पिंप केवढं आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर, कमिट करत राहा!