आरशातील डाव

बुद्धिबळाचा आरंभ राजाच्या वा वजिराच्या प्याद्याने करून पटाचा मध्य बळकवावा, असा उपदेश आचार्य दीर्घकाळ करीत आले. तो मार्ग सोडून वजिराकडील उंटापुढचे प्यादे पहिल्याच खेळीस दोन घरे चालविण्याची रीत ‘इंग्लिश ओपनिंग’ या नावाने ओळखली जाते. १८४३ साली पॅरिस येथे हॉवर्ड स्टाँटन या इंग्रजाने सेंत-आमां या फ्रेंच खेळाडूस २१ डावांच्या सामन्यात जिंकले. त्यात त्याने ही चाल वापरली, व तिला त्याच्या देशाचे नाव मिळाले.

काळ्यानेही तेच प्यादे तितकेच चालविले, की पटावर आरसा उभा राहतो. इकडे घोडा निघाला की तिकडे घोडा. इकडे उंट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रोखून बसला की तिकडेही तसाच. नवख्यास वाटते, नक्कल करणारा हरेल कसा? परंतु पांढरा नेहमी एक खेळी पुढे असतो. जी धमकी त्याने आधी दिली, तिची नक्कल करण्यास काळ्याला अवधीच उरत नाही. आरसा केव्हा फोडावा, हे ज्यास कळले तोच खेळाडू.

१८५१ साली लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, ती स्टाँटनच्याच खटपटीने. सोळा जणांत पहिला आला ब्रेस्लाऊचा शाळामास्तर आंदेरसेन. दुसरा, पार्लमेंटचा सभासद विव्हिल. स्टाँटन चौथा! पुढे १८५८ साली अमेरिकेचा तरुण मॉर्फी सामना मागण्यास आला, तेव्हा तो जुळून आला नाही, आणि स्टाँटनवर भीरुत्वाचा शिक्का बसला. शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादनाची त्याची सबब पुष्कळांस पोकळ वाटते. आम्हांस ती सर्वस्वी तशी वाटत नाही. ते संपादन खरोखरच त्या वर्षांत चालू होते. आणि नाटकांच्या पाठभेदांत ज्याने एकदा डोके घातले आहे, त्यास त्या कामाचा भार सांगावयास नको. मात्र नकार स्पष्ट शब्दांत न देता त्याने आशा लांबविली, हा दोष त्याच्या पदरी राहतोच.

१९७२ साली रेक्याविक येथे, राजाच्या प्याद्याचा कट्टा भक्त फिशर सहाव्या डावात स्टाँटनचेच प्यादे घेऊन निघाला व जिंकला. न झालेल्या सामन्यावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्यांनी झालेल्या डावांकडेही एकवार पाहावे, इतकीच आमची विनंती.